बटरकप खरे बोलली का? विनोदी ऑपेरातील पात्रांना पूर्वायुष्य देण्याची रीत

‘एच. एम. एस. पिनाफोर’ या ऑपेराच्या अखेरीस खलाशांना किरकोळ माल विकणारी बटरकप कबुली देते की, तरुणपणी पैसे घेऊन लोकांची तान्ही मुले सांभाळत असताना तिच्याकडून दोन मुलांची अदलाबदल झाली. त्यातला खानदानी मुलगा म्हणजे खलाशी राल्फ आणि गरिबाघरचा मुलगा म्हणजे कप्तान कॉर्कोरन. या एका कबुलीसरशी कप्तानाचा खलाशी होतो, खलाशाचा कप्तान होतो आणि पडदा पडतो. मात्र वयांचा हिशेब मांडायला बसले की पंचाईत होते. दोघे एकाच वेळी तान्हे असतील तर राल्फ हा आपल्या नियोजित वधूच्या, म्हणजे जोसेफीनच्या, वडिलांच्या, अर्थात खुद्द कप्तानाच्या, वयाचा ठरतो, आणि ज्या बटरकपने कप्तानाला मांडीवर खेळवले तीच शेवटी त्याच्याशी लग्न करते. चाहत्यांचे तर्क, ज्यांना हल्ली सरसकट फॅन थिअरी म्हटले जाते, ते अशाच फटींतून उगवतात. ते नीट कसे बांधावेत, एवढाच या लेखाचा विषय आहे.

‘पिनाफोर’चे कर्ते, संहिताकार गिल्बर्ट आणि संगीतकार सलिव्हन, या इंग्लिश जोडीने १८७१ ते १८९६ या काळात १४ ऑपेरा रचले, आणि या खेळासाठी त्यांच्याइतकी सुपीक जमीन दुसरी नाही. गिल्बर्ट काही वर्षे बॅरिस्टर होता. एखादे अफाट गृहीतक मांडायचे आणि मग कोर्टात युक्तिवाद करावा तशा गंभीरपणे ते शेवटपर्यंत ओढत न्यायचे, ही त्याची लेखनाची तऱ्हा होती, आणि तर्क बांधणाऱ्यानेही तीच उचलावी. गृहीतक एकच असावे आणि पुढचे सारे त्यातून आपोआप निघावे. माझी स्वतःची कसोटी मात्र आणखी एक आहे: तर्क मान्य केल्यावर मूळ ऑपेरातली निदान एक ओळ, एकही शब्द न बदलता, वेगळी ऐकू आली पाहिजे. तसे होत नसेल तर तो तर्क नुसती माहितीची भर असतो.

आरंभ संहितेपासून करावा, ध्वनिमुद्रणापासून नव्हे, कारण बऱ्याच ध्वनिमुद्रणांत पदे तेवढी असतात आणि गद्य संवाद गाळलेले असतात. पुरावा तर बहुधा गद्यातच दडलेला असतो. वाचताना प्रत्येक पात्राविषयी तीन गोष्टी वेगवेगळ्या टिपून ठेवाव्यात: ते स्वतःबद्दल काय सांगते, इतर त्याच्याबद्दल काय म्हणतात आणि ते प्रत्यक्षात काय करते. ‘पिनाफोर’मधल्या सर जोसेफ पोर्टरसारखी पात्रे येथे फारशी उपयोगी पडत नाहीत. वकिलाच्या कचेरीतला पोऱ्या, मग कारकून, मग भागीदार, मग खासदार आणि समुद्रावर कधीही न जाता थेट आरमाराचा प्रमुख, अशी आपली सारी कुंडली तो एका पदात मांडून मोकळा होतो. उपयोगी पडतात ती बोलता बोलता मध्येच थांबणारी पात्रे.

बटरकप तशी आहे. ‘तिची कबुली साफ खोटी आहे’ हा पहिला तर्क कोणालाही सुचेल, कारण तिच्याजवळ साक्षीदार नाही, कागद नाही, आणि सर जोसेफ चौकशी न करताच तिचे म्हणणे मान्य करतो. पण हा तर्क पहिल्याच अंकात अडखळतो. बाहेरून हसऱ्या दिसणाऱ्या माणसाला आतून कीड पोखरत असू शकते असे ती तेथे सुचवते आणि राल्फचे नाव कानावर पडताच दचकते, म्हणजे तिच्या मनात काही सल आहे हे नक्की. तेव्हा गृहीतक थोडे आवळून पाहावे: तिने राल्फला सांभाळले आणि त्याचे खानदान लपवले, एवढा भाग खरा, कप्तान हा दुसरा मुलगा होता, एवढेच खोटे.

आता वये जुळवून पाहावीत. राल्फ विशीतला, जोसेफीनला शोभणारा. बटरकप चाळिशीच्या आसपासची, आणि कप्तानही तिच्याच वयाचा. खोटे बोलण्याचे कारणही संहितेतच सापडते. दुसऱ्या अंकाच्या सुरुवातीला कप्तान तिला सांगतो की परिस्थिती वेगळी असती तर गोष्ट निराळी होती, पण आता तो तिचा फक्त मित्र होऊ शकतो. त्यावर ती लगेच बजावते की, आपल्या अंगात जिप्सींचे रक्त आहे, आपल्याला भविष्य कळते आणि कप्तानाच्या नशिबात मोठा बदल लिहिलेला आहे. एरवी हे गूढ भाकीत वाटते. या तर्कानंतर तीच ओळ बेत पक्का केलेल्या बाईची धमकी म्हणून ऐकू येते. परिस्थिती आड येते ना, मग परिस्थितीच बदलून टाकू!

याच ठिकाणी एक मोह आवरावा लागतो. पैसे घेऊन अर्भके सांभाळण्याचा धंदा त्या काळच्या इंग्लंडमध्ये अत्यंत बदनाम होता; अशाच एका प्रकरणात १८७० मध्ये लंडनमधील एका बाईला फाशी झाली आणि १८७२ मध्ये अर्भकांच्या संरक्षणासाठी कायदा करावा लागला. ‘पिनाफोर’ प्रथम पाहणाऱ्या १८७८ च्या प्रेक्षकांना हे ठाऊक होते, त्यामुळे दुसरे मूल दगावले असावे असा काळाकुट्ट तर्कही पुराव्यात बसवता येतो. मी तो बसवत नाही. तो मानला तर शेवटच्या प्रवेशात कोणालाही हसू येणार नाही, आणि विनोदी ऑपेरातला विनोदच मारणारा तर्क कितीही काटेकोर असला तरी माझ्या लेखी तो अयशस्वी असतो.

संहितेत आकडे आले की कागद-पेन्सिल घेऊनच बसावे. याच जोडीच्या ‘पायरेट्स ऑफ पेन्झान्स’मधल्या फ्रेडरिकचा जन्म २९ फेब्रुवारीचा, म्हणजे वाढदिवस फक्त लीप वर्षात; कथेच्या वेळी त्याला एकवीस वर्षे पूर्ण झालेली आहेत. एकविसाव्या वाढदिवसापर्यंत चाच्यांकडे शिकाऊ उमेदवारी करायची असा त्याचा करार, आणि तो वाढदिवस १९४० मध्ये येईल असे तो आपल्या प्रेयसीला, मेबलला, सांगतो. १९०० हे लीप वर्ष नव्हते हे लक्षात घेतले तर त्याचा जन्म १८५२ मधला आणि कथा १८७३ मधली ठरते. ते विसरले तर जन्म १८५६ मधला आणि कथा १८७७ मधली. दोन्ही उत्तरे एका जागी अडतात, कारण मेबलचा बाप मेजर-जनरल स्टॅन्ली आपल्या पदात ‘पिनाफोर’ची गाणी शिटीवर वाजवता येतात अशी बढाई मारतो, आणि ‘पिनाफोर’ लंडनमध्ये प्रथम रंगमंचावर आले २५ मे १८७८ रोजी.

माझा तर्क असा की, चूक फ्रेडरिकच्या गणितात आहे. चाच्यांच्या जहाजावर कोणते गणित शिकवले गेले असणार? त्याचा जन्म १८६० चा मानला तर १८८१ मध्ये तो एकवीस वर्षांचा होतो, तोवर त्याचे पाचच वाढदिवस झालेले असतात आणि जनरलला ‘पिनाफोर’ची गाणी येण्यात काही अडचण उरत नाही. हा ऑपेरा १८७९ च्या अखेरीस रंगमंचावर आला, त्यामुळे कथा दोनेक वर्षे भविष्यातली ठरते, हे मान्य करावे लागते. पण मग खरा एकविसावा वाढदिवस १९४८ मध्ये येतो. मेबल ‘किती हा काळ’ असे म्हणून वाट पाहायला कबूल होते, तेव्हा कर्तव्यनिष्ठ फ्रेडरिकने तिला आठ वर्षे कमी सांगितलेली असतात.

त्या काळचा कायदा थोडा वाचलेला असला तर आणखी दारे उघडतात. जनरलच्या मुली चान्सरी कोर्टाच्या, म्हणजे मालमत्ता आणि पालकत्वाचे दावे चालवणाऱ्या इंग्लिश कोर्टाच्या, पालकत्वाखाली आहेत असे मेबल सांगते, आणि बाप तर समोर उभा आहे! त्या वेळच्या रिवाजाप्रमाणे अज्ञान मुलांच्या मालमत्तेबाबत चान्सरीत दावा चालू असेल तर बाप हयात असूनही ती मुले कोर्टाच्या संरक्षणाखाली येत. म्हणजे मुलींच्या नावावर, बहुधा आईकडून आलेला, पैसा असला पाहिजे. दुसरीकडे जनरलने वाडा, प्रार्थनामंदिर आणि त्यात पुरलेले दुसऱ्यांचे पूर्वज असे सारे वर्षभरापूर्वीच विकत घेतलेले आहे. कोणाच्या पैशाने? असे विचारले की रात्री त्या उसन्या पूर्वजांच्या थडग्यांपाशी बसून त्याचे रडणे निराळे वाटू लागते. चाच्यांना आपण अनाथ असल्याची थाप मारली, एवढ्याचेच दुःख त्याला आहे असे आपण समजत होतो.

काही जागा मात्र सोडून द्याव्यात. याच जोडीच्या ‘द यिओमेन ऑफ द गार्ड’च्या शेवटी विदूषक जॅक पॉइंट बेशुद्ध होऊन कोसळतो, एवढेच संहिता सांगते, तो मेला की नाही याचा निर्णय नट वर्षानुवर्षे आपापल्या परीने करत आले आहेत आणि तो त्यांच्यावरच सोपवलेला बरा. जॅकचे पूर्वायुष्य हवे असेल तर ते नोकरी मागायला आलेल्या जॅकच्या प्रवेशात शोधावे. कँटरबरीच्या आर्चबिशपची मिळकत आणि विदूषकाची मिळकत यांवर केलेल्या एका शाब्दिक कोटीपायी आपल्याला फटके बसले आणि नोकरी गेली, असे तो तेथे सांगतो. आणि हे सांगताना, ज्या माणसाकडे तो नवी नोकरी मागत असतो त्यालाच, तीच कोटी पुन्हा करून दाखवतो.