पदवी घ्यावी का? बडोद्यातील पालकांनी आणि मुलांनी हिशेब कसा मांडावा

बारावीचा निकाल लागला की दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागांतील मराठी घरांत ‘आता कुठे घालायचं?’ हा प्रश्न सुरू होतो, आणि त्यात ‘कॉलेजात’ हा शब्द गृहीतच धरलेला असतो. मी पंचवीस वर्षे मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात देखभाल विभागात काम केले, त्यांपैकी बरीच वर्षे नव्या मुलांच्या मुलाखती घेतल्या, आणि आता ओळखीच्या घरांतली मुले मार्कशीट घेऊन माझ्याकडे येतात. त्यांच्याशी मी ज्या क्रमाने बोलतो, तोच क्रम इथे लिहीत आहे.

‘पदवीचा उपयोग होतो का’ हा प्रश्न सुटा विचारला तर त्याला उत्तर नाही, कारण काही कामांसाठी पदवी हा परवाना असतो, काही कामांसाठी ती खरोखर शिकवते, आणि काही ठिकाणी तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. म्हणून मुलाने प्रथम आपल्याला करावीशी वाटणारी तीन कामे कागदावर लिहावीत, त्या प्रत्येक कामासाठी गेल्या वर्षभरात निघालेली एक खरी जाहिरात मिळवावी आणि त्यातील ‘शैक्षणिक पात्रता’ या रकान्याखाली रेघ ओढावी. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी लागते, सरकारी बँकांत अधिकारीच काय, लिपिकाच्या जागेलाही पदवी लागते, दोन वर्षांचे बी.एड. आणि तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम पदवीशिवाय सुरूच होत नाही. याउलट रेल्वेतील सहायक लोको पायलटच्या जागेसाठी दहावी आणि आयटीआय, किंवा डिप्लोमा चालतो, आणि सनदी लेखापाल होण्यासाठी बारावीनंतर थेट फाउंडेशन परीक्षेला बसता येते. या अटी बदलतातही. गुजरातेत तलाठ्याची जागा काही वर्षांपूर्वीपर्यंत बारावीवर मिळत असे, आता तिथे पदवी मागतात. त्यामुळे मामाने किंवा शेजारच्या काकांनी सांगितलेली पात्रता प्रमाण मानू नये, या वर्षीची जाहिरातच वाचावी.

तिन्ही जाहिरातींत पदवीची अट असेल तर पदवी घ्यावी, आणि तिथे फार काथ्याकूट करू नये. खरा विचार लागतो तो जिथे अट नाही किंवा ‘पदवी अथवा समकक्ष’ असे मोघम लिहिले आहे तिथे.

एका मुलाखतीचा प्रसंग मी मुलांना नेहमी सांगतो. फिटरच्या जागेसाठी दोन मुले आली होती: एक पहिल्या वर्गात बी.ई. झालेला, दुसरा आयटीआयचा. मी टेबलावर एक वापरलेला शाफ्ट, म्हणजे यंत्रात फिरणारा दांडा, आणि बारीक माप घेण्याचे व्हर्नियर कॅलिपर ठेवले आणि विचारले की यावर ६२०५ नंबरचे बेअरिंग बसेल का. या बेअरिंगचे आतले भोक २५ मिलिमीटरचे असते. पहिल्या मुलाने कॅलिपर लावून ‘२५’ असे सांगितले आणि तो थांबला. पुढचे दशांश विचारल्यावर गोंधळला. दुसऱ्याने आधी कॅलिपरचे जबडे कापडाने पुसले, ते मिटवून शून्य जुळते का पाहिले, मग शाफ्ट एकदा मोजला, पाव फेरा फिरवून पुन्हा मोजला आणि म्हणाला, ‘साहेब, इकडून २४.९६, तिकडून २४.९२. शाफ्ट झिजलाय, बेअरिंग ढिलं पडेल.’ जागा त्याला मिळाली, आणि आजही तो निर्णय मला योग्य वाटतो.

पण ही गोष्ट इथे संपवली तर मुलांची फसवणूक होईल. आठ वर्षांनी आमच्याकडे सहायक अभियंत्याची जागा निघाली तेव्हा त्या मुलाला अर्जच करता आला नाही, कारण नियमात किमान डिप्लोमा लिहिलेला होता, आणि ज्याला त्याने स्वतः यंत्रे दाखवली होती तो त्याच्यापेक्षा लहान डिप्लोमाधारक त्याचा साहेब झाला. हाताच्या कौशल्याने पहिली नोकरी मिळते, परंतु वरची पायरी बहुतेक ठिकाणी कागद पाहूनच देतात. पालक पहिल्या नोकरीचा विचार करतात. विचार पस्तिशीतल्या नोकरीचाही करायला हवा.

म्हणूनच ज्यांची मुले दहावीत आहेत त्यांनी एक साधी बेरीज करून पाहावी. बारावी आणि मग अभियांत्रिकी पदवी या सरळ वाटेने दहावीनंतर २ अधिक ४, म्हणजे ६ वर्षे लागतात. डिप्लोमाची ३ वर्षे आणि मग डी-टू-डी, म्हणजे पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेऊन आणखी ३, ही वाटही ६ वर्षांचीच. फिटर किंवा इलेक्ट्रिशियनचा आयटीआय २ वर्षांचा, त्यानंतर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश घेतल्यास २ वर्षे, पुढे पदवीची ३, अशी एकूण ७ वर्षे होतात. सरळ वाटेपेक्षा हे एकच वर्ष जास्त आहे, आणि मधल्या प्रत्येक टप्प्यावर, घरची परिस्थिती बिघडली तरी, मुलाच्या हातात कमावण्याजोगे प्रमाणपत्र असते. सरळ वाटेवर तिसऱ्या वर्षी शिक्षण सुटले तर हातात बारावीच उरते.

ही वाट आपल्या घरांत कमीपणाची का मानली जाते, हे मला आजवर नीट उमगलेले नाही. आपल्यातील कितीतरी घराणी गायकवाड सरकारच्या चाकरीसाठी इथे आली आणि लेखणीची नोकरी हीच प्रतिष्ठा असे मनात बसले, हे खरे. पण ज्या सयाजीराव महाराजांचे नाव आपण अभिमानाने घेतो, त्यांच्याच कारकिर्दीत १८८१ साली बडोदा कॉलेज निघाले आणि १८९० साली कलाभवन उभे राहिले, आणि कलाभवनात रंगकाम, विणकाम, यंत्रकाम यांसारख्या हाताच्या विद्या शिकवल्या जात. महाराजांना दोन्ही हवे होते. आज त्याच कलाभवनाच्या वास्तूत महाराजा सयाजीराव विद्यापीठाची अभियांत्रिकी विद्याशाखा चालते.

आता पैशांकडे येऊ. फी हा खर्चाचा एक भाग झाला. त्या वर्षांत न मिळालेली कमाई हा दुसरा, आणि तो कोणी धरत नाही. समजा मुलाला आज महिना १२,००० रुपयांचे काम मिळू शकते, तर तीन वर्षांत ४,३२,००० रुपये सोडले. त्यात फी मिळवावी, कर्ज असल्यास त्याचे व्याज मिळवावे. अनुदानित जागेची फी आणि ज्याला इथे सगळे ‘हायर पेमेंट’ म्हणतात त्या विनाअनुदानित जागेची फी यांत मोठा फरक असतो, म्हणून दोन्ही हिशेब वेगळे मांडावेत. माझे स्पष्ट मत असे की अनुदानित जागा मिळत असेल तर साधी बी.कॉम. किंवा बी.ए. घेण्यात तोटा नाही, मात्र कोणत्या कामासाठी ते ठरलेले नसताना कर्ज काढून महागडी सर्वसाधारण पदवी घेऊ नये.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४ च्या भारत रोजगार अहवालानुसार २०२२ साली देशातील पदवीधर तरुणांमध्ये बेरोजगारीचे प्रमाण २९.१ टक्के होते, तर लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांमध्ये ३.४ टक्के. हा आकडा वाचून पदवी निरुपयोगी ठरवणे चूक आहे, कारण ज्याच्या घरी चूल पेटण्याची पंचाईत असते तो मिळेल ते काम धरतो आणि पदवीधर मनासारख्या जागेची वाट पाहत थांबतो. परंतु ही वाट पाहण्याची वर्षेसुद्धा पदवीच्या किमतीतच धरली पाहिजेत, आणि किती दिवस थांबायचे ते घरात आधीच बोलून ठेवले पाहिजे.

ज्याला लगेच कमावणे भाग आहे त्याने पदवीवर पाणी सोडण्याचे कारण नाही. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ किंवा अहमदाबादचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुक्त विद्यापीठ यांची मान्यताप्राप्त पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची मानली जाते आणि वर दिलेल्या पदवीधरांच्या स्पर्धा परीक्षांना ती चालते. अभियांत्रिकी मात्र दूरशिक्षणाने करता येत नाही. तशी जाहिरात कोणी दाखवली तर त्या वाटेला जाऊ नये.

कॉलेज नक्की करण्यापूर्वी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत त्या विद्यापीठाचे नाव आहे का आणि बनावट विद्यापीठांच्या यादीत नाही ना, हे स्वतः पाहावे. कायद्यासाठी बार कौन्सिलची आणि औषधनिर्माणशास्त्रासाठी फार्मसी कौन्सिलची मान्यता तपासावी. ‘प्लेसमेंट किती टक्के’ असे कार्यालयात विचारू नये. दुपारी सुटीच्या वेळी फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर जावे, शेवटच्या वर्षाची चार मुले गाठावीत आणि त्यांच्या आधीच्या तुकडीतले कोण कुठे, कोणत्या जागेवर आणि किती पगारावर लागले ते विचारावे. जमल्यास त्या आधीच्या तुकडीतल्या दोघांचे फोन नंबर घेऊन त्याच संध्याकाळी मुलाला स्वतः बोलू द्यावे.