सेरेंगेटीत सिंह पाहण्यासाठी सहलीची आखणी

टांझानियातील सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानाची सहल ठरवताना बहुतेक जण आधी ‘ग्रेट मायग्रेशन’चा, म्हणजे तेथील प्राण्यांच्या महास्थलांतराचा, महिना शोधतात आणि मारा नदी ओलांडणाऱ्या वाइल्डबीस्टच्या (गवत खाणाऱ्या मोठ्या हरणवर्गीय प्राण्यांच्या) छायाचित्रांवरून पुढची सगळी आखणी करतात. ज्यांना प्रामुख्याने सिंह पाहायचे आहेत त्यांनी हा क्रम बदलावा. दहा लाखांहून अधिक वाइल्डबीस्ट आणि त्यांच्यासोबतचे झेब्रे पाऊस आणि कोवळे गवत यांच्या मागे वर्षभर फिरत असतात. काही भटके सिंह त्यांच्या मागोमाग जातातही, परंतु स्थिरावलेले कळप आपापली हद्द सहसा सोडत नाहीत, कारण सोडलेल्या हद्दीवर शेजारचा कळप हक्क सांगतो आणि परके नर आले की छावे वाचत नाहीत. त्यामुळे सिंहांचा ठावठिकाणा बऱ्याच अंशी ठरलेला असतो, आणि त्यांच्या हद्दींच्या जवळ मुक्काम कधी व किती दिवस करायचा हे ठरवणे हीच आखणीची खरी सुरुवात होय.

हे उद्यान १४,७६३ चौरस किलोमीटरचे असून आसपासच्या संरक्षित प्रदेशासह तेथे सुमारे तीन हजार सिंह असल्याचा अंदाज आहे. एवढ्या विस्तारात पहिल्यांदा जाणाऱ्याने मध्यभागातील सेरोनेरा सोडून दुसरीकडे मुख्य मुक्काम करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सेरोनेरा नदीच्या खोऱ्यात कोरड्या महिन्यांतही पाण्याची डबकी टिकून राहतात, काठाला झाडी आहे, आणि जवळच्या मैदानांत ग्रॅनाइटचे खडकाळ उंचवटे आहेत, ज्यांना तेथे ‘कोपी’ म्हणतात. जीवशास्त्रज्ञ जॉर्ज शॅलर यांनी १९६६ मध्ये येथे सिंहांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू केला आणि १९७८ पासून क्रेग पॅकर यांनी तो अनेक दशके चालवला. या अभ्यासातून असे दिसून आले की जेथे दोन ओढे मिळतात त्या जागा सिंहिणींना सर्वांत मोलाच्या वाटतात, कारण तेथे पाणी, आडोसा आणि पाण्यावर येणारी शिकार या तिन्ही गोष्टी एकत्र मिळतात. गाडीचा चालक बहुधा हे जाणून असतोच. तरीही नदीकाठ, ओढ्यांचे संगम आणि सिंबा किंवा मोरू येथील कोपी यांना सकाळची वेळ द्यावी, असे त्याला आदल्या रात्रीच सांगून ठेवावे. सेरोनेरात किमान तीन रात्री ठेवाव्यात. एका रात्रीत सिंह दिसतील खरे, पण ते झोपलेलेच दिसण्याची शक्यता अधिक आहे.

महिन्याची निवड करताना दोन गोष्टी पाहाव्यात: शिकारीचे प्राणी कोठे आहेत आणि गवत किती उंच आहे. जून ते ऑक्टोबर हा कोरडा काळ आहे. गवत खुरटलेले असते, प्राणी पाण्याभोवती जमतात आणि सिंह सहज नजरेस पडतात. याच काळात, विशेषतः जुलै ते सप्टेंबरमध्ये, वाइल्डबीस्टचे मोठे कळप उत्तरेकडे मारा नदीच्या भागात असतात आणि तिकडच्या मुक्कामाच्या तंबूंचे दर चढलेले असतात. जानेवारी ते मार्चच्या प्रारंभापर्यंत हेच कळप दक्षिणेच्या आखूड गवताच्या मैदानांत, न्दुतू परिसरात येतात, आणि फेब्रुवारीच्या सुमारास तेथे लाखो पिल्ले जन्माला येतात. सिंहांसाठी ही सुगीच असते. दोन रात्री न्दुतू आणि तीन रात्री सेरोनेरा अशी फेब्रुवारीतील सहल मला सर्वांत समाधानकारक वाटते. महाराष्ट्रातील कुटुंबांची अडचण वेगळीच आहे: शाळांची उन्हाळी सुट्टी नेमकी तेथील मोठ्या पावसात पडते. एप्रिल-मे महिन्यांत दर कमी असतात, परंतु काही तंबू बंद असतात, रस्ते चिखलात जातात आणि गवतात पहुडलेला सिंह वीस पावलांवरूनही दिसत नाही. मुलांना न्यायचेच असेल तर दिवाळीची सुट्टी पाहावी. नोव्हेंबरचा छोटा पाऊस सहसा दिवसभर ठाण मांडून बसत नाही.

अरुशा शहराहून सेरेंगेटीला जाताना वाटेत लागणाऱ्या न्गोरोंगोरो या ज्वालामुखीच्या विवराला एक दिवस द्यावा, अधिक नको. सुमारे २६० चौरस किलोमीटरच्या उघड्या तळावर सिंह शोधणे सोपे असते. मात्र गाडी खाली उतरवण्याचे शुल्कच सुमारे तीनशे डॉलर आहे आणि गर्दीही असते. येथील सिंहांची कहाणी ठाऊक असावी: १९६२ मध्ये चावऱ्या माश्यांच्या उपद्रवाने ते मोजकेच उरले आणि आजचे कळप बहुतांशी त्या थोड्यांचेच वंशज आहेत.

मुंबईहून नैरोबी, आदिस अबाबा किंवा दार-ए-सलाम मार्गे किलिमांजारो विमानतळ गाठावा. जवळच्या अरुशा शहरातून गाडीने सेरोनेरा सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि न्गोरोंगोरोच्या कड्यावरून जाताना सात-आठ तास सहज लागतात. जाताना गाडीने आणि येताना छोट्या विमानाने, अशी विभागणी ज्येष्ठांना मानवते. फक्त या विमानांत सहसा पंधरा किलोच सामान चालते आणि तेही मऊ पिशवीत. उद्यानाचे शुल्क परदेशी प्रौढासाठी हंगामात सुमारे सत्तर डॉलर आणि त्यावर १८ टक्के कर असे असून ते चोवीस तासांसाठी असते. नाबी हिल प्रवेशद्वारावर दुपारी बारा वाजता आत गेल्यास शेवटच्या दिवशीही बाराच्या आत बाहेर पडावे लागते, अन्यथा आणखी एका दिवसाचे पैसे द्यावे लागतात. सहल कंपनीच्या दरपत्रकात ही शुल्के, उद्यानातील मुक्कामाचे वेगळे शुल्क आणि विवराचे शुल्क समाविष्ट आहेत का, हे लेखी विचारून घ्यावे.

पैसे वाचवायचेच असतील तर ते खोलीवर वाचवावेत, गाडीवर नव्हे. छत उघडणारी लँड क्रूझर, प्रत्येकाला खिडकी आणि किलोमीटरची मर्यादा नाही, या तीन अटी सोडू नयेत. मोठ्या गटाबरोबर गेल्यास एका सहप्रवाशाचा कंटाळा सर्वांना माघारी नेतो. चार-पाच समविचारी माणसांनी मिळून स्वतंत्र गाडी घेणे उत्तम. ताडोबाला जाणाऱ्यांना सकाळ-दुपारच्या ठरावीक फेऱ्यांची सवय असते. सेरेंगेटीत सकाळी सहा ते संध्याकाळी सहापर्यंत फिरता येते, आणि ही मोकळीक वापरणे आपल्या हाती आहे. तंबूत बसून न्याहारी करण्यात पहाटेचा सर्वांत मोलाचा तास जातो, म्हणून न्याहारीचा डबा सोबत घेऊन सहाच्या ठोक्याला निघावे. सिंह दिवसाचे अठरा-वीस तास विश्रांती घेतो. भर दुपारी एकामागून एक झोपलेले कळप पाहत फिरण्यापेक्षा छावे असलेला किंवा पाण्याजवळ बसलेला एकच कळप निवडून चारनंतर त्याच्याजवळ थांबावे. एकाच दिशेला टक लावून उभे असलेले जिराफ, एकाच झाडावर उतरणारी गिधाडे, घाईने निघालेली तरसे, या खुणा पाहून गाडी वळवावी. वायरलेसवर एखादा सिंह दिसल्याची बातमी येताच वीस गाड्या तेथे धावतात. त्या गर्दीत शिरायचे नाही असे चालकाला आधीच सांगितल्यास तो मनापासून नव्या जागा शोधतो.

रस्ता सोडून गाडी नेण्यास येथे मनाई आहे. जवळचे छायाचित्र हवे म्हणून चालकाला भरीस पाडू नये, दंड आणि परवान्याची जोखीम त्याच्यावर येते. गाडीतून उतरू नये, छतावर बसू नये, सिंहिणीला हाका मारू नयेत. तंबूंना बहुधा कुंपण नसते, त्यामुळे अंधार पडल्यावर पहारेकऱ्याशिवाय पाऊलही बाहेर टाकू नये.

कपडे खाकी किंवा फिक्या रंगाचे घ्यावेत; गडद निळ्या आणि काळ्या रंगांकडे त्सेत्से नावाच्या रक्त शोषणाऱ्या माश्या आकर्षित होतात. पहाटेसाठी जाड जाकीट लागतेच, कारण न्गोरोंगोरोचा कडा सुमारे २,३०० मीटर उंचीवर आहे. प्रत्येकाकडे स्वतःची दुर्बीण असावी. २०१९ पासून टांझानियात प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे, तेव्हा लाडू-चिवडा कापडी पिशव्यांत बांधावा. शाकाहारी जेवण हवे असल्यास नोंदणीच्या वेळीच कळवावे.

व्हिसा ऑनलाइन मिळतो. मलेरियाच्या गोळ्यांविषयी डॉक्टरांशी किमान महिनाभर आधी बोलावे. पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस फक्त सरकारमान्य केंद्रात मिळते आणि प्रवासाच्या निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते. केनिया किंवा इथिओपिया मार्गे परतणाऱ्यांकडे भारतीय विमानतळावर तिचे प्रमाणपत्र मागितले जाते आणि ते नसल्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते, म्हणून ते पिवळे पुस्तक मोठ्या बॅगेत न ठेवता पासपोर्टसोबतच ठेवावे.