सर्ज प्रोटेक्शन असूनही बोर्ड उडतो? या चुका टाळा

शेतपंपाच्या ऑटो स्टार्टरचा बोर्ड घ्या, नाहीतर वायफाय कंट्रोलरचा, सर्ज म्हणजे व्होल्टेजचा अचानक झटका अडवायला एमओव्ही (मेन लाइनवरचा पार्ट) असतो, टीव्हीएस (डीसी आणि डेटा लाइनवरचा डायोड) पण असतो आणि तरी मागचा रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज कमी करून स्थिर देणारा चिप, मेलेला. पार्ट लावलाय, पण डेटाशीटमधला भलताच आकडा बघून.

सगळ्यात जास्त घोळ टीव्हीएसमध्ये. १२ व्होल्टची लाइन म्हणून एसएमबीजे १२ए घेतात, पण तो १२ म्हणजे स्टँडऑफ, तिथपर्यंत हा गप्प बसतो, खरा सर्ज आला की फुल करंटला क्लॅम्प होतो, म्हणजे व्होल्टेज अडवून धरतो, १९.९ व्होल्टला, आणि मागे एएमएस १११७ रेग्युलेटर ज्याची इनपुट लिमिटच १५, मग आधी कोण जाणार? बरं, टीव्हीएस खालच्या रेटिंगचा घ्यावा तर तो नॉर्मल १२ वरच तापायला लागेल, म्हणून इथे टीव्हीएस ठेवा आणि रेग्युलेटर बदला, एलएम २५९६ सारखा ४० व्होल्टपर्यंत इनपुट घेणारा.

एमओव्हीचं उलटं, त्याच्या नावातला आकडा म्हणजे जिथे तो करंट सोडायला लागतो ते व्होल्टेज. १४डी२७१के बघून "२७० आहे, २३० ला चालेल" म्हणणारे भेटतात. अहो २३० एसीचा पीक ३२५ जातो, हा लावल्या लावल्या धूर! घरगुती लाइनला १४डी४७१के ठीक, तो ३०० एसी सतत सहन करतो. पण थ्री फेजवर न्यूट्रल तुटला की त्याच बोर्डाला ४०० च्या आसपास बसू शकतात, तिथे १४डी६८१के आणि त्याच्याआधी फ्यूज पाहिजेच, फ्यूजशिवाय एमओव्ही म्हणजे बोर्डावर ठेवलेला फटाका. हा १४डी६८१के क्लॅम्प मात्र उशिरा होतो, हजार व्होल्टच्या वर, त्यामुळे मागचे पार्टही तेवढे दणकट हवेत.

लेआउटकडे, म्हणजे बोर्डावर पार्ट कुठे बसवलाय त्याकडे, तर कोणी बघतच नाही. टीव्हीएस कनेक्टरला चिकटून हवा. ८ केव्हीच्या ईएसडीला (स्थिर विजेच्या झटक्याला) साधारण १ नॅनोसेकंदात ३० अँपिअर चढतात, १ सेंटिमीटर ट्रेसचं (बोर्डावरच्या तांब्याच्या पट्टीचं) इंडक्टन्स, म्हणजे करंट झटकन बदलायला होणारा विरोध, धरा १० नॅनोहेन्री, म्हणजे नुसत्या ट्रेसवरच ३०० व्होल्ट, मग टीव्हीएस कितीही महागडा असू दे.

यूएसबी डेटा लाइनवर एसएमबीजे लावू नका, कपॅसिटन्स एवढा की ४८० एमबीपीएस सिग्नल जागेवर झोपतो. आरएस ४८५ (लांब अंतरावर डेटा नेणारी दोन तारांची लाइन) साठी एसएम ७१२ हा टीव्हीएस घ्या, तो त्याच्यासाठीच बनलाय.

रिपेअरला टीव्हीएस शॉर्ट सापडला की लगेच नवा ठोकू नका, आधी अ‍ॅडॉप्टरचं व्होल्टेज मोजा, कारण बऱ्याचदा सर्ज वगैरे काही नसतं, कोणीतरी १२ च्या जागी १९ चा लॅपटॉप चार्जर लावलेला असतो.