आधी सिलिकॉन दाखव

पीएच.डी.ला नवीन लागलेलं कोणी मला विचारतं, की आधी काय शिकू, तेव्हा मी सॉफ्टवेअरचं नाव घेत नाही. एक्सआरडीच्या, म्हणजे क्ष-किरणांनी पदार्थाची अणुरचना तपासायच्या यंत्राच्या, होल्डरमध्ये पावडर नीट भरायला शिका, एवढंच सांगते. मुलं हिरमुसतात. पण इंदूरला आल्यावर माझी गाडी नेमकी इथेच रुतली होती आणि माझ्या एका मित्राने ती बाहेर काढली.

हा मित्र चुंबकीय पदार्थांवर काम करतो. मोजमाप त्याचं आहे म्हटलं की भलेभले पुन्हा तपासत नाहीत. एकदा पुण्याहून आलेल्या प्राध्यापकांनी त्याला लिक्विड नायट्रोजनचा देवार (अतिथंड द्रव ठेवायचं थर्माससारखं भांडं) ढकलताना पाहिलं आणि त्याचंच नाव घेऊन विचारलं, ‘साहेब कुठे बसतात हो?’ हा म्हणाला, ‘बसत नाहीत ते, उभेच असतात. चला, दाखवतो.’ देवार जागेवर लावला, हातमोजे काढले, पाहुण्यांना कॅन्टीनमध्ये उसळ-पोहे खाऊ घातले, वर जिरावण स्वतः भुरभुरलं आणि मग सांगितलं की तो मीच. त्या दोघांचं पुढे एकत्र काम झालं.

लोकमान्य नगरात त्याचा सत्कार होता. पुढे बसलेल्या आजींनी विचारलं, ‘तू नेमकं करतोस काय रे?’ ‘चुंबक थंड करतो.’ ‘फ्रीजमध्ये?’ ‘फ्रीज पुरत नाही आजी, लिक्विड हेलियम लागतं. उणे २६९ अंश.’ आजींनी लगेच खर्च विचारला. मग शाल खांद्यावर तशीच ठेवून हा त्यांना वापरलेला हेलियम वायू गोळा करून पुन्हा द्रव कसा करतात ते समजावत बसला. अध्यक्षांचं भाषण तोवर थांबलं होतं.

तर माझं प्रकरण. डोपिंग केलेल्या, म्हणजे दुसऱ्या मूलद्रव्याचे थोडे अणू मुद्दाम घातलेल्या, नमुन्याचे पीक (एक्सआरडीच्या आलेखातले सुळके) उजवीकडे, म्हणजे मोठ्या कोनाकडे, सरकलेले दिसले. लॅटिस, म्हणजे अणूंची जाळी, आकसलं, डोपिंग जमलं, असं मी धरून चालले होते. आलेख त्याच्यापुढे ठेवला तर त्याकडे न बघता म्हणाला, ‘आधी सिलिकॉन दाखव.’

हे नीट समजून घ्या, कारण इथे हुशार मुलंही फसतात. नेहमीच्या पावडर डिफ्रॅक्टोमीटरमध्ये, म्हणजे एक्सआरडीच्या यंत्रात, नमुन्याचा पृष्ठभाग बरोबर गोनिओमीटरच्या (कोन मोजणाऱ्या भागाच्या) अक्षावर असावा लागतो. पावडर ०.१ मिलिमीटर वर राहिली आणि गोनिओमीटरची त्रिज्या १५० मिलिमीटर असली, तर कमी कोनांवरचे पीक साधारण ०.०७ अंश उजवीकडे जातात. २८ अंशांच्या आसपास एवढं सरकणं म्हणजे लॅटिस जवळजवळ पाव टक्का आकसल्याचा भास. उंचीमुळे आलेलं सरकणं मोठ्या कोनाकडे जाताना कमी होतं. लॅटिस खरंच बदललं असेल तर ते वाढत जातं. म्हणून पहिल्याच पीकवर हुरळून जाऊ नका, शेवटचे पीक बघा. आणि नमुन्यात चिमूटभर सिलिकॉन पावडर मिसळा. ती आपलं स्टँडर्ड, म्हणजे तिचे पीक कुठे येणार हे आधीच पक्कं माहीत असतं. तांब्याच्या के-अल्फा क्ष-किरणांना त्याचे पीक २८.४४, ४७.३० आणि ५६.१२ अंशांवर यायलाच हवेत. तेही सरकले असतील तर तेवढ्या सरकण्याशी डोपिंगचा काही संबंध नाही, बहुधा उंची चुकली आहे.

‘सॉफ्टवेअर करेल की दुरुस्त’ म्हणणारे सीनियर भेटतील. त्यांचं ऐकू नका. झीरो शिफ्ट (यंत्राच्या शून्याची चूक) आणि डिस्प्लेसमेंट (नमुन्याच्या उंचीची चूक) दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये एकदम मोकळे सोडले की ते एकमेकांची चूक झाकतात आणि फिट, म्हणजे आलेखाशी जुळणी, मात्र देखणी येते. दुसऱ्याची तयार इनपुट फाइल उचलून नाव बदलणं तर मला बिलकुल पसंत नाही. आणि ज्या गाईडच्या हाताला कधी पावडर लागत नाही, त्याच्याकडे जाण्याआधी दहादा विचार करा.

मित्राने त्या दिवशी भाषण दिलं नाही. काचेची स्लाइड घेतली, जास्तीची पावडर हलकेच खरवडली, दाबली नाही. दाबलं की चपटे कण एकाच दिशेने झोपतात आणि पीकची उंची बिघडते. मग सुतार रंधलेली फळी पाहतो तसा एक डोळा मिटून, श्वास रोखून कडेने पाहिलं. ‘बघ, इथे उंचवटा आहे.’ मला दिसेना. त्याने टॉर्च आडवा धरला, तेव्हा सावली दिसली. पुन्हा मोजलं तर निम्म्याहून जास्त सरकणं गेलं. उरलं ते डोपिंगचं, आणि ते माझं होतं!

घाबरू नका. नमुना बाटलीत शाबूत असतो, पुन्हा मोजता येतो. पुढे इंदूरच्या इंडस-२सारख्या सिंक्रोट्रॉनवर (अतिप्रखर क्ष-किरण देणाऱ्या मोठ्या यंत्रावर) वेळ मिळाला, तर समांतर शलाकेच्या मांडणीत उंचीची ही भानगड जवळपास नसते. पण तिथेही तरंगलांबी स्टँडर्डवरूनच पक्की करायची असते, तेव्हा सिलिकॉनची बाटली सोबत ठेवा. मित्राला भेटायचं असेल तर सकाळीच गाठा. जेवणानंतर तो वर्कशॉपमध्ये काकांबरोबर लेथवर असतो, आणि तिथे कोणी आलेख उघडलेला त्याला चालत नाही.