माझा अनुभव: बॉम्बिंग रनचा सर्व्हर कुणाला दिसेना

दिवाळीत मावसभाऊ लॅपटॉप घेऊन आले, म्हणून 'अनरियल टूर्नामेंट २००४' हा जुना नेमबाजीचा कॉम्प्युटर गेम काढला. आम्हाला त्यातला बॉम्बिंग रनच (चेंडू समोरच्या संघाच्या कडीतून घालवायचा खेळप्रकार) खेळायचा असतो. चेंडू हातात आला की बंदूक चालत नाही, सगळी मदार साथीदारांवर. लांबून गोल मारला तर ३ गुण, चेंडू घेऊन स्वतः कडीत उडी मारली तर ७. भांडणं सगळी त्या ७ साठी!

सर्व्हर (ज्याला बाकीचे जोडले जातात तो खेळ) माझ्या मशिनवर, पण गेममधल्या सर्व्हरच्या यादीत कुणाला दिसेना. गेमच्या कन्सोलमध्ये (आज्ञा टाइप करायची जागा) 'ओपन' लिहून माझा आयपी, म्हणजे मशिनचा नेटवर्कवरचा पत्ता दिला, तरी नाही. राउटर दोनदा बंद-चालू केला (आपला आवडता उपाय). वाय-फाय 'पब्लिक'वर होतं, ते 'प्रायव्हेट' केलं. मग विंडोजच्या फायरवॉलमध्ये (बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारा पहारेकरी) गेमचा यूडीपी ७७७७ पोर्ट, म्हणजे त्याचं येण्याजाण्याचं दार उघडलं. ढिम्म.

तोवर धाकटा म्हणाला, "दादा, सुरुवातीला काहीतरी खिडकी आली होती, तू कॅन्सल केलीस ना?"

केली होती. चकली हातात होती, वाचतोय कोण. ती गेमला परवानगी द्यायची का, हे विचारणारी फायरवॉलची खिडकी होती. त्या कॅन्सलनं फायरवॉलच्या इनबाउंड (आत येणाऱ्या जोडण्यांच्या) नियमांत गेमच्या नावानं 'ब्लॉक'च्या दोन नोंदी झाल्या होत्या, माहिती पाठवायच्या दोन पद्धतींसाठी एकेक: एक टीसीपीची, एक यूडीपीची. आणि ब्लॉकचा नियम असला की परवानगीचा नियम चालत नाही, म्हणून माझा पोर्ट उघडून उपयोग शून्य. दोन्ही नोंदी उडवल्या, सर्व्हर पुन्हा चालू केला, दोघंही लगेच आत.

पहिला ७ धाकट्यानंच मारला.