दोघांच्या चुकीत तुम्हाला लागलं, तर क्लेम कोणावर आणि कसा लावायचा

अ‍ॅक्सिडेंट झाला की रस्त्यावरची पंचायत दहा मिनिटांत निकाल देऊन मोकळी, "गलती दोनों की है भिया, आधा-आधा कर लो". दोन ड्रायव्हरांनी आपसात काय ते करावं, पण मागे बसलेल्या बाईचा पाय मोडलाय तिने अर्धे पैसे कशासाठी सोडायचे? ती तर नुसती बसली होती. आणि खरं म्हणजे कायदाही तिला सोडायला सांगत नाही, पण हे माहीत नसल्यामुळे लोक ठाण्यातच सही करून येतात.

एक समजा. इंदूरच्या लोकमान्य नगरातले नवरा-बायको रात्री सराफ्यातून खाऊन स्कूटरवर घरी निघालेत, समोरून राँग साइडने कार आली आणि आपले साहेबही जरा जास्तच जोरात होते. दोघांना लागलं. आता इथे एक नाही, दोन वेगळे क्लेम तयार होतात, आणि सगळा घोळ हे दोन एकत्र कालवल्यामुळे होतो.

बायकोचा क्लेम म्हणजे कंपोझिट निग्लिजन्स, चूक दुसऱ्या दोघांची आणि मार तिला. यात ती दोघांकडून मागू शकते किंवा कुठल्याही एकाकडून पूर्ण रक्कम मागू शकते. आपल्या एमपी हायकोर्टाच्या फुल बेंचने हे आधीच म्हटलं होतं, मग 2015 मध्ये सुप्रीम कोर्टाने खेनयेई विरुद्ध न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स या केसमध्ये पक्कं केलं. समजा ट्रिब्युनलने (म्हणजे अपघाताचे क्लेम ऐकणाऱ्या कोर्टाने) 6 लाख ठरवले आणि चूक कारची 60 टक्के, स्कूटरची 40 टक्के धरली, तरी बायको कारच्या इन्शुरन्स कंपनीकडून पूर्ण 6 लाख वसूल करू शकते. ते 60-40 त्या दोघांनी आपसात मिटवायचं, तिच्या पैशातून कापायचं नाही.

नवऱ्याचा क्लेम मात्र कॉन्ट्रिब्युटरी, म्हणजे मार लागलेल्याचीच थोडी चूक, कारण तो स्वतः चालवत होता. त्याचे 3 लाख ठरले तर 40 टक्के कापून 1.80 लाखच हातात येतील. इथे रडून फायदा नाही.

मग घरात प्रश्न येतो, नवऱ्याला पार्टी करायचं का, म्हणजे क्लेम त्याच्यावरही लावायचा का? सासूबाई तर ऐकूनच हात लावतात कानाला, सून मुलावर केस करते म्हणून. कायद्याने जबरदस्ती नाही, नुसत्या कारवाल्यावर, म्हणजे ड्रायव्हर, मालक आणि त्याची इन्शुरन्स कंपनी यांच्यावर लावला तरी पूर्ण रक्कम मागता येते. पण दोन गोष्टी डोक्यात ठेवा. एक, कारच्या पॉलिसीत काही भानगड निघाली (संपलेली, नकली वगैरे) आणि स्कूटरवाला पार्टीच नाही, तर मग कारच्या मालकाच्या खिशाकडे बघत बसावं लागतं. दोन, पैसे भरल्यावर कारची कंपनी नवऱ्याच्या वाट्याचे 2.40 लाख त्याच्याकडून मागू शकते. तो पार्टी असेल आणि ट्रिब्युनलने टक्के ठरवले असतील तर त्याच केसच्या एक्झिक्यूशनमध्ये (निकालाच्या वसुलीत), नसेल तर कंपनीला वेगळा दावा करून त्याची चूक सिद्ध करावी लागते. स्कूटरची पॉलिसी नुसती थर्ड पार्टी असेल तर ती मागे बसलेल्याला कव्हर करत नाही, म्हणजे ते 2.40 लाख घरातूनच जायचे. म्हणून वकिलाकडे जाताना दोन्ही गाड्यांची पॉलिसी घेऊन जा, पॅकेज (म्हणजे जास्त कव्हरवाली) आहे का नुसती थर्ड पार्टी हे बघूनच ठरवा. उगाच भावनेत नको.

ऑटोत किंवा ई-रिक्षात बसला होतात आणि तिला ट्रकने ठोकलं, तर मला वाटतं दोघांनाही पार्टी करावं, तिथे नातं-बितं काही आड येत नाही. आणि बायपासवर ट्रक पळून गेला, नंबरच नाही, पण ऑटोवाल्याचीही चूक होती, तर नुसत्या ऑटोवाल्यावर आणि त्याच्या कंपनीवर पूर्ण क्लेम लागतो. लोक अशा वेळी हिट अँड रनचे (गाडी पळून गेली तर मिळणारे सरकारी भरपाईचे) 50 हजार घेऊन गप्प बसतात (गंभीर दुखापतीला तेवढेच आहेत), त्यापेक्षा हे बघा.

कागदांचं म्हणाल तर एमएलसी (दवाखान्याचा पोलीस केसचा रिपोर्ट), एफआयआर, नक्शा मौका (पोलिसांनी काढलेला जागेचा नकाशा), आणि नंतर पोलिसांनी कोर्टात लावलेलं चालान, म्हणजे आरोपपत्र. नक्शा मौका नीट वाचा हं, गाड्या कुठे पडल्या, रस्ता किती रुंद, कोण कुठल्या बाजूला, टक्के ठरवताना वकील त्यावरच भांडतात. एफआयआर एकाच ड्रायव्हरवर आहे म्हणून दुसरा सुटला असं नसतं, ट्रिब्युनल आपला पुरावा आपण बघतं. बयानात मात्र जे दिसलं तेच सांगा, नवऱ्याला वाचवायला "आम्ही अगदी हळू होतो" लिहून दिलंत की उलटतपासणीत तुमचंच बाकीचं बोलणंही खोटं वाटायला लागतं.

दावा मोटर व्हेइकल्स अ‍ॅक्टच्या कलम 166 खाली, अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत टाका, ही मुदत 1 एप्रिल 2022 पासून परत आलीय आणि जुन्या काळातले काका लोक अजून "क्लेमला टाइम लिमिट नसते" सांगत फिरतात. अपघात देवासला झाला तरी तुम्ही इंदूरला राहता तर इंदूरला लागतो.

कंपनीचा वकील एक डाव नक्की टाकणार, तुमचीही चूक होती. ट्रिपल सीट होते, हेल्मेट नव्हतं. ट्रिपल सीटवर 2020 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे की नुसतं तीन जण बसणं म्हणजे चूक नाही, त्यामुळे अपघात झाला किंवा मार वाढला हे दाखवावं लागतं. हेल्मेटचंही मी तसंच बघतो, मोडलाय पाय तर हेल्मेटचा काय संबंध.

आणि लोक अदालतीत समझौता होत असेल तर कागद सावकाश वाचा. एकाच कंपनीबरोबर मिटवताय तर अमुक पार्टीकडून अमुक रक्कम मिळाली, बाकी पार्ट्यांवरचा दावा चालू आहे, असं स्पष्ट लिहून घ्या. "पूर्ण व अंतिम भुगतान" एवढंच छापलेलं असेल आणि सही झाली, की दुसरी कंपनी तोच कागद पुढच्या पेशीला तुमच्यासमोर धरणार. एकूण मात्र ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त मिळत नाही, दोघांकडून डबल घेऊ असं मनात असेल तर ते सोडा.