वॉलरसचे जुने सुळे आणि चाकूच्या मुठी: या धंद्यात नव्याने येणाऱ्यांसाठी

अँकरेजमध्ये राहून मी नक्की काय विकतो हे पुण्यातल्या नातेवाईकांना पटवून देणं मला अजून जमलेलं नाही. हस्तिदंत म्हटलं की समोरचा लगेच म्हणतो, अरे पकडतील की तुला. मग सांगावं लागतं की हत्तीचा नाही हो, वॉलरसचा, म्हणजे उत्तरेच्या थंड समुद्रातल्या सुळेवाल्या प्राण्याचा, आणि तोसुद्धा काही शे ते दोनेक हजार वर्षं अलास्काच्या मातीत पुरलेला, आणि तो घेणारे लोक म्हणजे हाताने चाकू बनवणारे कारागीर, त्यांना मुठीला लावायला हवा असतो. हल्ली दोनतीन मराठी पोरांनी यात यायचं म्हणून विचारलं, सगळ्यांना तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून टाकतो.

तर माल येतो कुठून. बेरिंग समुद्रात सेंट लॉरेन्स नावाचं बेट आहे, त्यावर गॅम्बेल आणि सवूंगा ही दोन गावं, राहणारे लोक सायबेरियन युपिक. गॅम्बेलहून हवा स्वच्छ असली की पलीकडे रशियाचे डोंगर दिसतात. यांचे पूर्वज वॉलरसवर जगले, मांस खाल्लं, कातड्याच्या होड्या केल्या आणि सुळ्यांपासून हत्यारं केली: हार्पूनची (शिकारीच्या भाल्याची) टोकं, जाळ्याची वजनं, माती उकरायच्या कुदळी, स्लेजच्या (बर्फावरच्या घसरगाडीच्या) खालच्या पट्ट्या. तुटलं की टाकून दिलं, कापताना उरलेले तुकडे टाकले, आणि ते सगळं जुन्या वस्तीच्या उकिरड्यात गाडलं गेलं. मातीतले क्षार शोषून पांढऱ्या सुळ्याला मधासारखा, तपकिरी, कधी पार काळा रंग चढला. बाजारात याला फॉसिल आयव्हरी म्हणतात पण दगड वगैरे झालेला नसतो तो, दातच असतो अजून. म्हणून तो आकसतो, तडकतो, आणि घासायला घेतला की डेंटिस्टकडे दात कोरताना येतो तो वास येतो.

आता कायदा. हा भाग कंटाळवाणा आहे पण हा ज्याला पाठ नाही त्याने यात पडूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. १९७२ म्हटलं की आपल्याकडे दुष्काळ आठवतो, इथे आमच्या धंद्यात २१ डिसेंबर १९७२ ही तारीख आठवते, कारण त्या दिवसापासून सागरी सस्तन प्राण्यांच्या संरक्षणाचा अमेरिकन कायदा लागू झाला. त्यानंतर मारलेल्या वॉलरसचा कच्चा सुळा तुम्हीआम्ही विकत घेऊ शकत नाही, विषय संपला. शिकार फक्त अलास्काचे मूळनिवासी करू शकतात, आणि त्यांनी स्वतः कोरून केलेली वस्तू मात्र कोणीही घेऊ शकतो. आपण जे विकतो ते त्या तारखेच्या आधीचं, म्हणून याला प्री-ॲक्ट म्हणतात, आणि तसं असल्याचं प्रतिज्ञापत्र मालाबरोबर ठेवायचं.

दुसरा प्रश्न जमिनीचा. सरकारी जमिनीतून जुनी वस्तू उकरली तर १९७९ च्या पुरातत्त्व कायद्याखाली गुन्हा. सेंट लॉरेन्सची गोष्ट वेगळी, कारण अलास्काच्या मूळनिवाशांच्या १९७१ च्या जमीन वाटपात तिथल्या दोन गावांनी पैशांऐवजी अख्खं बेटच मालकीने घेतलं, त्यामुळे तिथले लोक स्वतःच्याच जमिनीत खणतात. बाहेरच्याने फावडं घेऊन जायचं नाही. आणि किनाऱ्यावर पडलेला सुळा? समुद्रापासून पाव मैलाच्या आत सापडला तर कोणीही उचलू शकतो (सगळ्या जमिनींवर नाही, आधी विचारा), तीस दिवसांत वन्यजीव खात्याकडून त्यावर टॅग लावून घ्यायचा, पण मूळनिवासी नसाल तर तो विकता येत नाही. नवीन मंडळी हमखास इथे फसतात, बीचवर सापडलाय म्हणजे माझा झाला असं वाटतं त्यांना. तुमचा झालाच, पण शोकेसमध्ये ठेवायला.

या खणण्यावरून वादही बराच आहे आणि तो तुम्हाला माहीत असायलाच हवा. गॅम्बेलच्या जुन्या वस्त्यांना राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा होता, खणून खणून जागेची वाट लागल्यामुळे तो १९८९ मध्ये काढून घेतला. पुरातत्त्ववाल्यांचा राग मला समजतो. पण जिथे नोकऱ्या नाहीत आणि दुधापासून पेट्रोलपर्यंत सगळं बाहेरून आणावं लागतं तिथे आजोबा-पणजोबांनी टाकलेल्या तुकड्यांवर कोणी घर चालवत असेल तर आपण शहाणपणा शिकवणारे कोण. माझा नियम एकच, नक्षी असलेली किंवा अख्खं हत्यार शिल्लक असलेली वस्तू मी करवतीखाली घालत नाही, ती कापून चाकूची मूठ करणं मला बघवत नाही. तुटके तुकडे, साधे सुळे, टोकं एवढंच घेतो. आणि खणणाऱ्या घराशी भावाची फार घासाघीस करत नाही, रोख देतो, पुढच्या वेळी चांगला माल आधी माझ्याकडे येतो.

आता माल ओळखणं. वॉलरसचा सुळा आडवा कापला की वरती पातळ साल, मग घट्ट एकसंध दंतद्रव्य, आणि मधोमध भिजवलेल्या साबुदाण्यासारखा ठिपक्याठिपक्यांचा गाभा दिसतो. हा गाभा दुसऱ्या कुठल्याच सुळ्यात असा नसतो. मॅमथ आणि हत्तीच्या कापात एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा दिसतात, त्या इथे नाहीत. प्लॅस्टिकची नक्कल अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली सहसा पकडता येते, खरा दात निळसर पांढरा चमकतो. पण जुना सुळा खूप काळा झाला असेल तर तो फारसा चमकत नाही, त्यामुळे फक्त टॉर्चवर विसंबू नका. गरम सुई टोचून बघायचा सल्ला कोणी दिला तर दुर्लक्ष करा, विकायच्या मालाला भोक कशाला. खरी लबाडी वेगळीच असते, नवा पांढरा सुळा चहात नाहीतर डायमध्ये बुडवून जुना म्हणून खपवतात, आणि हे नुसतं फसवणं नाही, तसा माल तुमच्याकडे सापडला तर गुन्हा तुमच्या गळ्यात. जुन्या सुळ्याचा रंग भेगांच्या कडेने आतपर्यंत उतरलेला असतो, रंगवलेल्याचा वरच्यावर राहतो.

कापणं हेच खरं कौशल्य आहे आणि मला विचाराल तर सगळी मजाही त्यातच. भेगा सोडल्या तर रंग असतो वरच्या काही मिलिमीटरमध्ये. म्हणून सुळा उभा असा कापायचा की दोन्ही बाजूंची रंगीत साल दोन पट्ट्यांच्या दर्शनी बाजूला येईल आणि साबुदाणा मागे, चाकूच्या पोलादाकडे जाईल. सरळ चाकूला पाव इंच ते तीनअष्टमांश इंच जाडी लागते, घडीच्या चाकूला अष्टमांश इंच पुरते. पण सुळा असतो वाकडा, त्यात पाच इंच लांब, सपाट, दोन्हीकडे सारख्या रंगाची जोडी निघणं म्हणजे नशीब, त्यामुळे चार इंचावरून पाचवर गेलं की किंमत एकदम उडी मारते. मध्यंतरी स्लेजच्या पट्टीचा एक तुकडा आला होता, एक अंग बर्फावर घासून घासून काचेसारखं गुळगुळीत, कडेला दोरी ओवायची भोकं. ते गुळगुळीत अंग कडक कॉफीच्या रंगाचं होतं. मी तो भोकांच्या आतून कापला, भोकं उरलेल्या तुकड्यात तशीच ठेवली, आणि घेणाऱ्याने तो तुकडासुद्धा मागून घेतला.

बँडसॉ (पट्ट्याची यांत्रिक करवत) हळू चालवा, सुळा तापला की तडा गेलाच. धूळ फुप्फुसात जाणं वाईट, चांगला रेस्पिरेटर लावा, कापडी मास्कवर भागवू नका. कापलेल्या पट्ट्या लगेच विकू नका, टोकांना मेण लावून खोलीत काही महिने पडू द्या, ज्या तडकायच्या त्या तुमच्याकडेच तडकू देत. बारीक भेगेत पातळ सुपरग्लू सोडतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही, फक्त गिऱ्हाइकाला सांगायचं. ॲरिझोनासारख्या कोरड्या ठिकाणी माल जाणार असेल तर त्यालाही सांगा की आल्याआल्या चिकटवू नकोस, आधी तिथल्या हवेला सरावू दे.

विक्री. ईबेने २००९ पासून आयव्हरी बंदच केली, त्यामुळे स्वतःची साइट, फोन, आणि चाकूंची प्रदर्शनं. जूनमध्ये अटलांटाला ब्लेड शो भरतो तिथे एकदा तरी जाच, कारागीर पट्टी हातात घेऊन उजेडासमोर कशी फिरवतात, कुठे नख लावून बघतात ते बघितलं की निम्मं शिक्षण तिथेच होतं. फोटो कोरड्या पट्टीचा काढा, ओली केली की रंग खुलतो आणि मग पार्सल परत येतं. दोन्ही बाजू, कडा, शेजारी मोजपट्टी आणि भेग असेल तर भेगेचा वेगळा फोटो. जोड्या नगावर जातात, तुकडे आणि दाढा औंसावर.

आणि नाही म्हणायला शिका. न्यू जर्सीने २०१४ मध्ये, कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१६ पासून आणि मग हवाई राज्याने वॉलरससकट आयव्हरीची विक्री बंद केली, तिथला माणूस कितीही गोड बोलला तरी पाठवायचं नाही. परदेशाचं तर नावच नको, वॉलरस सायटीसच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) तिसऱ्या परिशिष्टात आहे, वर अमेरिकेचे स्वतःचे परवाने, एका जोडीसाठी तो खटाटोप परवडत नाही. भारतात येताना मामेभावासाठी मूठ लावलेला चाकू बॅगेत टाकणं हा तर निव्वळ वेडेपणा.

एक गंमत राहिली. वॉलरसच्या नराच्या लिंगात हाड असतं, चांगलं दोन फूट लांब, त्याला इथे ऊसिक म्हणतात आणि त्याच्याही मुठी होतात, जुन्याला सुंदर तपकिरी जाळीदार पोत येतो. मागणी भरपूर, कायदे सगळे तेच. आत्याने घरी येऊन हे काय रे म्हणून हातात घेतलं तेव्हा मी पायाचं हाड म्हणून वेळ मारून नेली.

सुरुवात करताना अख्खा सुळा घेऊ नका. ओळखीच्या, कागद देणाऱ्या माणसाकडून थोडी टोकं आणि दाढा घ्या, त्या कापा, घासा, पॉलिश करा, चाकूवाल्यांना मुठीच्या मधल्या चकत्या म्हणून द्या. पहिल्या तुकड्यापासून वही ठेवा: कुठून आला, कोणाकडून, कधी, त्यातून काय निघालं, कोणाला गेलं. खात्याचा माणूस दारात आला तर तो आधी वहीच मागणार, आणि हल्ली चांगले कारागीरसुद्धा पैसे पाठवायच्या आधी तिचाच फोटो मागतात.